मॅडिसन परिसरातील निसर्ग : नव्याने आलेल्यांसाठी वर्षभराचे क्रमवार मार्गदर्शन

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात नव्याने राहायला आलेल्या माणसाला हा प्रदेश सुरुवातीला सपाट, मका आणि सोयाबीनच्या शेतांनी व्यापलेला आणि काहीसा एकसुरी वाटतो. शिकागोहून विस्कॉन्सिन राज्याची राजधानी असलेल्या मॅडिसनकडे येताना लागणारा सुमारे दीडशे मैलांचा रस्ता हा समज अधिकच पक्का करतो. मात्र मॅडिसन ज्या जागी वसले आहे, तेथून थोड्याच अंतरावर एक विलक्षण सीमा जाते. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेला बर्फाचा अवाढव्य थर शहरावरून पुढे गेला आणि पश्चिमेला काही मैलांवर थांबला. त्यामुळे एकाच शहराच्या एका बाजूला तळी, दलदली आणि घासून गुळगुळीत झालेल्या टेकड्या दिसतात, तर दुसऱ्या बाजूला बर्फाचा स्पर्शही न झालेल्या अरुंद दऱ्या, कडे आणि झरे आढळतात. ही सीमा आधी समजून घेतली, तर या परिसरातील जवळजवळ प्रत्येक दृश्याचा उलगडा होत जातो. ती माहीत नसेल, तर माणूस एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात नुसता फिरत राहतो.

येथील विद्यापीठात शिकायला येणारे विद्यार्थी बहुधा ऑगस्टच्या उत्तरार्धात दाखल होतात. म्हणून पुढील पायऱ्या त्या महिन्यापासून सुरू करून ऋतुक्रमानुसार मांडल्या आहेत. नोकरीनिमित्त अन्य महिन्यांत आलेल्यांनी पहिली पायरी वाचून थेट चालू ऋतूच्या पायरीवर जाण्यास हरकत नाही.

पहिली पायरी : बर्फाची सीमा नकाशावर शोधावी

घराबाहेर पडण्यापूर्वी अर्धा तास नकाशासाठी द्यावा, आणि तो रस्त्यांचा नसून भूपृष्ठाचे चढउतार दाखवणारा असावा. विस्कॉन्सिनमधील हिमयुगाच्या खुणा इतक्या स्पष्ट आहेत की उत्तर अमेरिकेतील शेवटच्या हिमकालखंडाला या राज्याचेच नाव मिळाले आहे. त्या काळात बर्फाच्या थराची ‘ग्रीन बे’ नावाने ओळखली जाणारी शाखा ईशान्येकडून मॅडिसनवर आली. बर्फ जेथे थांबतो तेथे तो सोबत आणलेली माती, वाळू आणि गोटे टाकतो, आणि त्यांचा लांबलचक बांध तयार होतो. शालेय भूगोलात आपण त्यालाच हिमोढ म्हणून शिकलो आहोत. मॅडिसनच्या नैर्ऋत्येला व्हेरोना आणि पश्चिमेला क्रॉस प्लेन्स या गावांच्या परिसरातून हा अंतिम हिमोढ जातो आणि पुढे उत्तरेला बाराबूच्या डोंगररांगेत शिरतो.

या रेषेच्या पूर्वेकडील प्रदेशात बर्फाने जमीन घासली, खळगे भरले आणि नद्यांचे जुने मार्ग बुजवले. शहराच्या पूर्वेला कॉटेज ग्रोव्हपासून निघणाऱ्या ‘ग्लेशियल ड्रमलिन’ सायकलमार्गावर गेल्यास पालथ्या पळीसारख्या लांबट टेकड्या दिसू लागतात. त्यांची लांबी ज्या दिशेला आहे, त्याच दिशेने बर्फ सरकत होता. रेषेच्या पश्चिमेला मात्र ‘ड्रिफ्टलेस’ प्रदेश सुरू होतो. तेथे हिमनदीने आणलेला गाळ नाही, नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीत, आणि जमीन लाखो वर्षे केवळ पाण्याने कोरली गेली आहे.

ही सीमा पायाखाली अनुभवायची असेल, तर ‘आइस एज’ राष्ट्रीय निसर्गमार्गाचा आधार घ्यावा. सुमारे १,२०० मैलांचा आणि संपूर्णपणे विस्कॉन्सिनमध्ये असलेला हा मार्ग हिमयुगाच्या खुणांचा माग घेत जातो. त्याला १९८० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. झाडांवर आणि खांबांवर रंगवलेल्या पिवळ्या उभ्या पट्ट्या या मार्गाची खूण होत. व्हेरोना आणि क्रॉस प्लेन्सजवळचे त्याचे तुकडे सोपे आहेत, आणि क्रॉस प्लेन्सच्या राखीव क्षेत्रात हिमाच्छादित व हिममुक्त अशी दोन्ही भूदृश्ये एकाच फेरीत पाहता येतात.

दुसरी पायरी : ऑगस्टमध्ये तळ्यांपासून सुरुवात करावी

मॅडिसनचा मध्यभाग मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधील चिंचोळ्या संयोगभूमीवर उभा आहे. हो-चंक या आदिवासी समाजाच्या भाषेत या भूमीला ‘देजोप’, म्हणजे चार तळी, असे म्हणतात. याहारा नदी मेंडोटातून मोनोनात, तेथून वाबेसा आणि शेवटी केगॉन्सा या तळ्यांत उतरते. पुढे तिचे पाणी रॉक नदीमार्गे मिसिसिपीला मिळते. विंग्रा हे पाचवे तळे लहान आणि उथळ असून एका ओढ्याने मोनोनाला जोडलेले आहे. मेंडोटा सर्वांत मोठे आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर आणि कमाल खोली सुमारे २५ मीटर आहे. अमेरिकेत सरोवरांचा शास्त्रीय अभ्यास ज्या मोजक्या ठिकाणी उभा राहिला त्यांत याची गणना होते, आणि एडवर्ड बर्ज व चॅन्सी ज्युडे यांनी येथील विद्यापीठात केलेले काम त्या शास्त्राच्या पायाशी आहे.

पहिल्या आठवड्यात राज्याच्या कॅपिटॉल इमारतीच्या, म्हणजे विधानभवनाच्या, घुमटालगतच्या सज्जावर जावे. तो उन्हाळी दिवसांत खुला असतो आणि प्रवेशाला शुल्क नाही. दोन्ही तळी आणि त्यांच्यामधली अरुंद पट्टी तेथून एका नजरेत येते. शहराची रचना समजून घेण्यासाठी याहून सोपा उपाय नाही. तेथून काही मिनिटांवर, वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या मूळ आराखड्यावरून १९९७ मध्ये पूर्ण झालेल्या मोनोना टेरेस या इमारतीच्या गच्चीवरून मोनोना तळे जवळून दिसते.

त्यानंतर विद्यापीठाच्या मेमोरियल युनियन या विद्यार्थी केंद्रापासून मेंडोटाच्या काठाने पश्चिमेकडे जाणारी पायवाट धरावी. ती पिकनिक पॉइंट या तळ्यात घुसलेल्या, जवळपास मैलभर लांबीच्या भूशिराकडे नेते. चालायचे नसल्यास विद्यापीठ परिसरात फिरणारी ८० क्रमांकाची विनामूल्य बस आहे. ईगल हाइट्स या विद्यापीठाच्या वसाहतीकडे जाताना ती भूशिराच्या प्रवेशद्वाराजवळून जाते. भूशिराच्या टोकावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास पाण्यापलीकडे कॅपिटॉलचा घुमट दिसतो. सायंकाळी तेथे गर्दी होते. माझ्या मते सकाळी सातच्या सुमारास जाणे अधिक श्रेयस्कर आहे, कारण त्या वेळी वारा पडलेला असतो आणि खाडीतले पक्षी काठाजवळ येतात.

या वाटेवर गवताने झाकलेले मातीचे कमी उंचीचे उंचवटे दिसतील. त्यांना नैसर्गिक टेकाडे समजू नये. सुमारे हजार ते तेराशे वर्षांपूर्वी हो-चंक लोकांच्या पूर्वजांनी पक्षी, प्राणी आणि जलदेवतांच्या आकाराचे असे असंख्य उंचवटे तळ्यांच्या काठी रचले, आणि त्यांपैकी अनेकांत दफने आहेत. मेंडोटाच्या उत्तर काठावरील एका पक्ष्याच्या पंखांचा विस्तार ६२४ फूट आहे. या उंचवट्यांवर चढणे, बसणे किंवा सायकल नेणे अत्यंत अनुचित समजले जाते आणि कायद्यानेही त्यांना संरक्षण आहे. याच तळ्याच्या तळातून २०२१ मध्ये सुमारे १,२०० वर्षांपूर्वीची आणि २०२२ मध्ये सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची, एकाच खोडातून कोरलेली होडी बाहेर काढण्यात आली. या काठांवर माणसांचा वावर किती जुना आहे, याचा अंदाज त्यावरून यावा.

पोहण्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. भोवतालच्या शेतांतून आणि गोठ्यांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसमुळे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तळ्यांवर नील-हरित शेवाळाची साय धरते. ते विषारी असू शकते. सार्वजनिक आरोग्य विभाग किनाऱ्यांवरील पाण्याची नियमित तपासणी करतो आणि गरजेनुसार किनारे बंद करतो. सूचनाफलक पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि पाणी हिरवा रंग कालवल्यासारखे दाट दिसत असल्यास फलक नसला तरी उतरू नये. लहान मुले आणि कुत्री यांना अशा पाण्याचा धोका अधिक असतो.

तिसरी पायरी : सप्टेंबरमध्ये प्रेअरी पाहावी

गोऱ्या वसाहतकारांच्या आगमनापूर्वी दक्षिण विस्कॉन्सिनचा मोठा भाग उंच गवताच्या प्रेअरीने आणि विरळ ओक वृक्षांच्या माळरानांनी व्यापलेला होता. आज त्यातील अगदी किरकोळ अवशेष उरले आहेत, कारण त्या गवताने हजारो वर्षांत तयार केलेली काळी माती नांगराखाली सर्वांत आधी गेली. म्हणून आज प्रेअरी पाहायची तर ती माणसाने पुन्हा उभी केलेली पाहावी लागते, आणि तसे करण्याचा जगातील सर्वांत जुना मोठा प्रयोग मॅडिसन शहरातच आहे.

विद्यापीठाचे आर्बोरेटम (वृक्षोद्यान) हे विंग्रा तळ्याच्या दक्षिणेला पसरलेले सुमारे १,२०० एकरांचे क्षेत्र १९३४ मध्ये औपचारिकरीत्या स्थापन झाले. त्याचे पहिले संशोधन संचालक वन्यजीव व निसर्गसंवर्धनाचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड होते. निरनिराळ्या देशांतील शोभिवंत झाडे लावण्याऐवजी या भूमीवर पूर्वी जे होते ते परत आणावे, असा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा आग्रह होता. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेवर आलेल्या तरुणांच्या श्रमातून १९३५ पासून एका जुन्या शेतावर प्रेअरीची लागवड सुरू झाली. आज ती वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांच्या नावाने कर्टिस प्रेअरी म्हणून ओळखली जाते. नुसते बी पेरून भागत नाही, आगीवाचून प्रेअरी टिकत नाही, हे येथील प्रयोगांतून स्पष्ट झाले. गवताची मुळे जमिनीत खोलवर असल्याने आगीत ती वाचतात, उलट झुडपे आणि परकी गवते जळून जातात. मार्च-एप्रिलमध्ये शहराच्या कडेला धुराचे लोट दिसले तर घाबरू नये. प्रशिक्षित पथके ठरवून लावलेली ती आग असते.

सप्टेंबर हा महिना येथे मुद्दाम सुचवला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये फुले अधिक असतात हे खरे, पण ‘बिग ब्लूस्टेम’ आणि ‘इंडियन ग्रास’ ही गवते सप्टेंबरमध्ये पुरुषभर उंचीची होतात, त्यांना तांबूस-सोनेरी छटा येते आणि डासांचा त्रास ओसरू लागतो. पायवाटेवर ‘कंपास प्लांट’ नावाची, सूर्यफुलाच्या कुळातली उंच वनस्पती ओळखायला शिकावे. तिची खोलवर कातरलेली पाने साधारणपणे उत्तर-दक्षिण रेषेत उभी राहतात, ज्यामुळे दुपारचे प्रखर ऊन त्यांवर थेट पडत नाही. अभ्यागत केंद्रातून विनामूल्य नकाशा घ्यावा, पायवाट सोडू नये, आणि एकही फूल किंवा बी तोडू नये. पाळीव प्राण्यांना येथे मनाई आहे. प्रेअरी दुरून रिकाम्या पडीक रानासारखी दिसते आणि छायाचित्रांतही फारशी उठून येत नाही, त्यामुळे पुष्कळ जण दहा मिनिटांत परत फिरतात. तिच्यासाठी किमान दोन तास राखून ठेवावेत आणि एकाच वाटेने हळू चालावे.

चौथी पायरी : ऑक्टोबरमध्ये डेव्हिल्स लेक

मॅडिसनपासून वायव्येला मोटारीने सुमारे पाऊण तासावर असलेले डेव्हिल्स लेक राज्य उद्यान हे या परिसरातील सर्वांत प्रसिद्ध ठिकाण असून १९११ मध्ये ते राज्य उद्यान झाले. प्रसिद्ध ठिकाणे अनेकदा अपेक्षाभंग करतात. हे करत नाही.

तेथे काय पाहायचे हे आधी समजून घ्यावे. तळ्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ५०० फूट उंचीचे जांभळट-गुलाबी कडे आहेत. ते क्वार्टझाइटचे, म्हणजे दाब आणि उष्णतेने घट्ट झालेल्या वालुकाश्माचे बनलेले आहेत. सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या उथळ पाण्यात साचलेली ही वाळू आहे, आणि काही शिळांवर त्या पाण्याच्या लहरींचे ठसे आजही दिसतात. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे, हे लक्षात घेतले तर या खडकाच्या वयाची कल्पना येईल. या कठीण डोंगरात एका प्राचीन नदीने खिंड पाडली होती. हिमयुगात बर्फ पूर्वेकडून येऊन डोंगराला भिडला, त्याच्या जिभा खिंडीच्या दोन्ही तोंडांपर्यंत पोचल्या आणि दोन्हीकडे हिमोढांचे बांध पडले. नदी दुसरीकडे वळली, आणि दोन बांधांमध्ये अडकलेले पाणी म्हणजेच हे तळे. त्यातून बाहेर वाहणारा एकही ओढा नाही. पहिल्या पायरीत नकाशावर पाहिलेली रेषा येथे प्रत्यक्ष उभी आहे. उद्यानाच्या एका भागात बर्फ पोचला होता आणि दुसऱ्या भागात पोचला नव्हता.

जाण्यासाठी स्वतःची किंवा मित्रांबरोबर वाटून घेतलेली मोटार सोयीची ठरते. राज्य उद्यानांत मोटारीला प्रवेशपत्र लागते आणि विस्कॉन्सिनच्या नंबरप्लेटला ते स्वस्त पडते. वार्षिक प्रवेशपत्र ३१ डिसेंबरपर्यंतच चालते, म्हणून ऑक्टोबरमध्ये एका दिवसाचे घ्यावे आणि वार्षिक प्रवेशपत्र जानेवारीत विकत घ्यावे. ऑक्टोबरच्या मध्याला येथील मेपल, ओक आणि हिकरी वृक्षांचे रंग ऐन भरात येतात, आणि त्या शनिवार-रविवारी वाहनतळ सकाळीच भरतात. शक्य असल्यास कामाचा दिवस निवडावा. शक्य नसेल तर आठच्या आत पोचावे.

जाताना महामार्ग ११३ ने लोडीमार्गे जावे. मेरिमॅक येथे विस्कॉन्सिन नदी ओलांडायला पूल नाही, तर मोटारी वाहून नेणारी फेरीबोट आहे. ती राज्य सरकार चालवते, तिला तिकीट नाही, आणि वसंतापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत ती सुरू असते. रांग मोठी असल्यास थोडा वेळ मोडतो, पण नदीचे पात्र पाहण्याची तीच उत्तम संधी आहे.

पहिल्या भेटीसाठी पुढील फेरी सुचवावीशी वाटते. उत्तर किनाऱ्यावर गाडी ठेवून पूर्व कड्यावरच्या वाटेने चढावे. वाट सुरुवातीला झाडीतून जाते आणि मग कड्याच्या धारेला लागते. दक्षिण टोकाकडे ‘डेव्हिल्स डोअरवे’ नावाची दगडी चौकट आणि ‘बॅलन्स्ड रॉक’ नावाची, अगदी अरुंद बुडावर तोललेली शिळा आहे. तिच्याजवळून उतरणारी वाट चढणीपेक्षा उतरणीला अवघड आहे, कारण क्वार्टझाइट गुळगुळीत असतो आणि ओला झाला की पाय ठरत नाही; गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी ही वाट टाळून धारेवरूनच परत फिरावे. खाली दक्षिण किनाऱ्यावर विश्रांती घेऊन पश्चिम काठाच्या ‘टंबल्ड रॉक्स’ वाटेने उत्तरेकडे परतावे. ही वाट कड्यावरून कोसळलेल्या प्रचंड शिळांच्या खचातून, जवळजवळ सपाटीने जाते. पूर्व काठाला लागून रेल्वेचे रूळ आहेत. अंतर वाचवण्यासाठी त्यांवरून चालू नये. अशी पूर्ण फेरी साधारण पाच मैलांची होते आणि थांबत-थांबत चार तास पुरतात.

राजगड किंवा हरिश्चंद्रगड चढलेल्या वाचकाला पाचशे फुटांचा चढ किरकोळ वाटेल, आणि तसा तो आहेही. तथापि कड्यांना कठडे नाहीत, शिळांवर पिवळी पाने पसरली की फटी दिसत नाहीत, आणि ऑक्टोबरअखेर सायंकाळी सहानंतर झपाट्याने अंधारते. तळाला पकड असलेले बूट, प्रत्येकी किमान एक लिटर पाणी, खाण्याचे पदार्थ आणि विजेरी सोबत असावी. खोल कड्यांजवळ मोबाइलच्या जाळ्याचा भरवसा धरू नये. नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

पाचवी पायरी : नोव्हेंबरमध्ये नारिंगी कपडे

ही पायरी छोटी आहे, पण वगळू नये. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हरणांच्या बंदुकीने शिकारीचा हंगाम असतो. हा या राज्यातील मोठा सांस्कृतिक सोहळाच म्हणावा लागेल, आणि अनेक सार्वजनिक जमिनींवर, राज्य उद्यानांच्या काही भागांतही, तेव्हा शिकारीला परवानगी असते. त्या काळात शहराबाहेरच्या पायवाटांवर जायचे असल्यास भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालावी. मळकट, तपकिरी किंवा पांढरा पोशाख टाळावा. हे नको असेल तर ते नऊ दिवस शहरातील तळ्यांच्या काठी घालवावेत. उत्तरेकडून येणारे टुंड्रा हंस पाणी गोठेपर्यंत मेंडोटावर उतरतात, आणि पिकनिक पॉइंटजवळच्या खाडीत साध्या दुर्बिणीतूनही ते चांगले दिसतात.

सहावी पायरी : गोठलेल्या तळ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी

डिसेंबरच्या मध्यास येथे साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि तापमान शून्याखाली वीस सेल्सिअस अंशांपर्यंत जाणारे दिवस दर हिवाळ्यात येऊ शकतात. स्थानिक हवामानवृत्त फॅरनहाइटमध्ये असते. ३२ अंशाला पाणी गोठते, एवढे एक प्रमाण ध्यानात ठेवले तरी पुरते. नुसते तापमान न पाहता वाऱ्यासह जाणवणारे तापमान पाहावे. अंगालगत सुती कपडा घालू नये, कारण घामाने ओला झाला की तो वाळत नाही. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पहिला थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा अडवणारा थर, शिवाय कानटोपी आणि बोटे एकत्र ठेवणारे जाड हातमोजे, एवढी तयारी झाल्यावर हिवाळा घरात बसून काढण्याचे कारण उरत नाही. निसरड्या वाटांसाठी बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे विकत मिळतात.

उथळ विंग्रा लवकर गोठते, मग मोनोना, आणि खोल मेंडोटा बहुधा डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत गोठते. मेंडोटा केव्हा गोठले आणि केव्हा वितळले याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवल्या गेल्या आहेत, आणि तेव्हाच्या तुलनेत बर्फाचा काळ सरासरी सुमारे महिनाभराने घटला आहे. नवागताच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ‘मागच्या वर्षी याच तारखेला आम्ही तळ्यावर चाललो होतो’ या कोणाच्याही सांगण्यावर विसंबू नये. स्वच्छ, नव्या, कठीण बर्फाची जाडी किमान चार इंच असल्याशिवाय त्यावर चालू नये, हा सर्वमान्य दंडक आहे; पांढुरका, बर्फवृष्टीने बनलेला किंवा वसंतातला सच्छिद्र बर्फ याहून बराच कमकुवत असतो. याहारा नदी जेथे तळ्यात मिळते, पुलांखाली आणि झऱ्यांच्या मुखाशी बर्फ नेहमीच पातळ राहतो. पहिल्या वेळी एकट्याने जाऊ नये. मोनोनाच्या उपसागरात भोके पाडून मासे पकडणारे अनुभवी लोक बसलेले असतात, त्यांना जाडी विचारण्यात संकोच बाळगू नये. केवळ स्केटिंग करायचे असेल तर व्हिलास आणि टेनी उद्यानांत महानगरपालिका जागा तयार ठेवते, आणि मुलांना घेऊन जाण्यासाठी तीच योग्य ठिकाणे आहेत.

जानेवारी-फेब्रुवारीत एक सकाळ प्रेअरी दु सॅक या गावासाठी ठेवावी. तेथे विस्कॉन्सिन नदीवरील धरणाखाली पाणी वाहते असल्याने गोठत नाही, आणि मासे पकडण्यासाठी बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, तेथे जमतात. सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वोत्तम असतो. नदीकाठी ठरवून दिलेल्या जागेवरूनच पाहावे आणि झाडांखाली जाऊ नये, कारण कडाक्याच्या थंडीत पक्ष्याला उगाच उडायला लावणे म्हणजे त्याची जपून ठेवलेली शक्ती खर्च करायला लावणे होय.

सातवी पायरी : एप्रिल ते जून, पश्चिमेच्या दऱ्या

मार्चमध्ये सँडहिल क्रौंच परततात आणि त्यांचा खणखणीत आवाज मैलभरावरून ऐकू येतो. एप्रिलमध्ये कोरड्या टेकाडांवर फिकट जांभळी पास्क फुले, तर जंगलांत झाडांना पालवी फुटण्याआधीची अल्पायुषी फुले उमलतात. ही फुले पाहण्याचा काळ अगदी थोडा असतो, म्हणून एप्रिलअखेर ते मेचा पहिला पंधरवडा मोकळा ठेवावा. मेच्या मध्यास आर्बोरेटममधील लायलॅकचा बहर असतो. हवा उबदार झाली तरी तळ्याचे पाणी एप्रिल-मेमध्ये जीवघेणे थंड असते, आणि होडीत बसताना लाइफ जॅकेट घालणे तेव्हा अत्यावश्यक ठरते.

आता सीमेच्या पलीकडे जावे. मॅडिसनच्या पश्चिमेला सुमारे २५ मैलांवरील ब्लू माउंड राज्य उद्यान १,७१६ फूट उंचीवर, म्हणजे दक्षिण विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च ठिकाणी आहे. कठीण खडकाच्या टोपीमुळे ही टेकडी झिजेपासून वाचली. तेथील निरीक्षण मनोऱ्यावरून एकामागे एक गेलेल्या डोंगरधारांची आणि दऱ्यांची रांग पाहिली की पूर्वेकडच्या प्रदेशाशी असलेला फरक शब्दांत सांगावा लागत नाही. जवळच ‘केव्ह ऑफ द माउंड्स’ ही गुहा आहे. १९३९ मध्ये खाणीतील सुरुंगाच्या स्फोटाने ती अचानक उघडी पडली. चुनखडकात पाण्याने कोरलेल्या या गुहेचे तापमान वर्षभर सुमारे ५० अंश फॅरनहाइट राहते, त्यामुळे जूनमध्येही स्वेटर न्यावा. डॉजव्हिलजवळच्या गव्हर्नर डॉज उद्यानात वालुकाश्माचे कडे आणि छोटा स्टीफन्स धबधबा आहे. धबधब्याची उंची बेताची असली तरी भोवतालची नेच्यांनी भरलेली घळ पाहण्याजोगी आहे.

मोटार नसलेल्यांसाठी मिलिटरी रिज हा जुन्या रेल्वेमार्गावरचा ४० मैलांचा सायकलमार्ग मॅडिसनच्या सीमेपासून डॉजव्हिलपर्यंत डोंगरधारेच्या माथ्याने जातो. चढ सौम्य आहे. सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या सायकलस्वाराला राज्य मार्गाचा परवाना लागतो, पायी चालणाऱ्याला लागत नाही. क्रॉस प्लेन्सजवळून वाहणारा ब्लॅक अर्थ क्रीक हा झऱ्यांच्या थंड पाण्यावर जगणारा ओढा ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे. गळ टाकायचा असेल तर मासेमारी परवान्याबरोबर ट्राउटचे वेगळे तिकीटही घ्यावे लागते.

याच महिन्यांत दोन उपद्रव सुरू होतात. गोचिडीची एक बारीक जात लाइम रोग पसरवते. लांब पँट मोज्यांत खोचावी, वाटेच्या मधोमध चालावे, आणि घरी आल्यावर काखा, गुडघ्यांमागची बाजू व केसांचे मूळ तपासावे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. पुढील काही आठवड्यांत वर्तुळाकार चट्टा किंवा ताप आल्यास डॉक्टरांना गोचिडीचा उल्लेख करून सांगावे. दुसरा उपद्रव वनस्पतींचा आहे. ‘पॉयझन आयव्ही’ला तीन-तीन पानांचे झुबके असतात आणि तिच्या स्पर्शाने खाज सुटते. रस्त्याकडेला जूनपासून छत्रीसारखे पिवळे तुरे धरणाऱ्या रानटी पार्सनिपचा रस त्वचेवर लागून ऊन पडले तर भाजल्यासारखे फोड येतात. मुलांना ती फुले तोडू देऊ नयेत.

वर्षाच्या फेरीतले शेवटचे ठिकाण बाराबूजवळचे आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठान असावे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात जगातील क्रौंचांच्या सर्व पंधरा जाती पाहता येतात. त्यांत आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या भातखाचरांत तग धरून असलेला सारस आहे, आणि एकेकाळी जेमतेम वीसेक उरलेला अमेरिकेचा व्हूपिंग क्रेनही आहे. केंद्र साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळात खुले असते, पण वेळा आणि तिकिटे दरवर्षी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. डेव्हिल्स लेक येथून जवळच असल्याने दोन्ही एका दिवसात जोडता येतात. मात्र केंद्र सकाळी आणि तळे दुपारनंतर असा क्रम ठेवावा, कारण पक्षी सकाळी अधिक बोलतात आणि दुपारनंतर वाहनतळ रिकामे होऊ लागतात.